औषध हरते तेव्हा

(व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित पाठ)



डॉक्टर म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र उभे राहते. रोग्याच्या उशाशी बसलेला, नाडी पाहणारा, घरच्यांना धीर देणारा आणि औषध लिहून देणारा माणूस. त्याच्या औषधाने ताप उतरतो, रोगी उठून बसतो, आणि ते घर त्या डॉक्टरला आयुष्यभर विसरत नाही. पण निदान अचूक आहे, औषध योग्य आहे, मात्राही पुरेशी आहे आणि तरीही रोगी बरा होत नाही, असे घडू लागले तर? एखाद्याच्या बाबतीत नव्हे, तर दारासमोरच्या रांगेत रोज असे घडू लागले तर त्या डॉक्टरने काय करावे? दुसरे औषध शोधावे, अधिक मात्रा द्यावी, की थांबून हे का घडते आहे याचा शोध घ्यावा?

फ्रान्स्वा नोस्टेन या फ्रेंच डॉक्टरपुढे हा प्रश्न १९८० च्या दशकात उभा राहिला. जागा होती थायलंड आणि ब्रह्मदेश, म्हणजे आजचे म्यानमार, यांच्या सीमेवरची एक निर्वासितांची छावणी. रोग होता हिवताप. सेवेसाठी गेलेला हा तरुण डॉक्टर तेथेच संशोधक झाला आणि तीन दशकांहून अधिक काळ त्याच सीमेवर काम करीत राहिला. त्याच्या कार्याची ही कथा आपल्यासाठी दूरदेशीची नाही. ती आपल्या ईशान्य सीमेपर्यंत आणि आपल्या गडचिरोलीच्या जंगलापर्यंत येऊन पोहोचते.

सीमेवरची वस्ती

ब्रह्मदेशाच्या पूर्व डोंगराळ भागात करेन नावाचा समाज राहतो. देश स्वतंत्र झाल्यानंतर अल्पावधीतच, १९४९ पासून, त्यांच्या सशस्त्र संघटना आणि मध्यवर्ती सत्ता यांच्यात संघर्ष सुरू झाला. बरीच वर्षे असा क्रम होता की, कोरड्या ऋतूत सैन्य चाल करून येई, गावकरी मोई नदी ओलांडून थायलंडच्या बाजूला आसरा घेत आणि पावसाळा लागला, सैन्य मागे फिरले की पुन्हा आपल्या शेतावर जात. १९८४ मध्ये सैन्य मागे फिरले नाही. सुमारे दहा हजार माणसे नदीच्या अलीकडे अडकून पडली. बांबूच्या झोपड्या उभ्या राहिल्या, त्यांच्या छावण्या झाल्या, आणि काही महिन्यांसाठी आलेली माणसे पिढ्यान् पिढ्या तेथे राहू लागली.

या छावण्यांत वैद्यकीय मदतीसाठी ‘मेदसँ सां फ्राँतिए’, म्हणजे सीमाविरहित डॉक्टरांची संघटना, पुढे आली. नोस्टेन या संघटनेचे डॉक्टर म्हणून सीमेवर आले. जंगल, डोंगर, पाऊस आणि अ‍ॅनोफिलीस डास, असा तो प्रदेश. आफ्रिकेतील अनेक भागांत माणसाला लहानपणापासून इतक्या वेळा हिवताप होतो की जगलेल्या प्रौढाच्या अंगी थोडीफार सहनशक्ती येते. या सीमेवर तसे नव्हते. येथे डास अधूनमधून चावत. त्यामुळे शरीराला प्रतिकाराचा सराव होत नसे आणि मूल असो की प्रौढ, प्रत्येक वेळी तापाचा घाला पूर्ण ताकदीने बसे. त्यातही गरोदर स्त्रियांची अवस्था फार वाईट होती. छावण्यांमध्ये नियमित तपासणी सुरू होण्यापूर्वी दर शंभर गरोदर मातांमागे अंदाजे एक माता केवळ हिवतापाने दगावत असे. शंभरातील एक ही संख्या कागदावर लहान दिसते. पण ज्या छावणीत वर्षाला शेकडो बाळंतपणे होतात, तेथे प्रत्येक वर्षी कित्येक घरे आईवाचून उघडी पडत होती, हा त्याचा अर्थ आहे.

चौथ्या आठवड्यातला ताप

नोस्टेन यांच्या हाती औषधे होती. पण एकेका औषधाची धार बोथट होत चालली होती. क्लोरोक्वीन हे दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर गाजलेले स्वस्त आणि सुरक्षित औषध या भागात कधीच निकामी झाले होते. त्यानंतर आलेले सल्फाडॉक्सिन आणि पायरिमेथामिन यांचे मिश्रणही टिकले नव्हते. क्विनीनला पूर्वीसारखा गुण येत नव्हता. १९८५ च्या सुमारास मेफ्लोक्वीन हे नवे औषध सीमेवर पोहोचले आणि आरंभी जवळजवळ प्रत्येक रोगी बरा होऊ लागला.

येथे हिवतापाची एक फसवी खोड ध्यानात घेतली पाहिजे. एका गंभीर रोग्याच्या अंगात या परजीवींची संख्या एक लाख कोटींपर्यंत जाऊ शकते. औषधाने त्यातील ९९ टक्के मेले तरी ताप उतरतो आणि रोग्याला बरे वाटते. तो आनंदाने घरी जातो. डॉक्टरच्या वहीत त्याच्या नावापुढे ‘बरा झाला’ अशी नोंद होते. पण उरलेले परजीवी तांबड्या पेशींमध्ये दर दोन दिवसांनी पुन्हा वाढत राहतात आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ताप परत येतो. मग डॉक्टर म्हणतो, “पुन्हा डास चावलेला दिसतो.” औषध हरले, हे त्याच्या लक्षातही येत नाही.

ज्याला औषध हरते आहे की नाही हे जाणून घ्यायचे आहे, त्याला तिसऱ्या दिवशी थांबून चालत नाही. प्रत्येक रोग्याला दर आठवड्याला बोलवावे लागते, ताप नसला तरी बोटातून रक्ताचा थेंब घ्यावा लागतो, काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी मोजावे लागतात. असे २८ दिवस, पुढे ४२ दिवस, आणि मेफ्लोक्वीनसारख्या शरीरात दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या औषधासाठी ६३ दिवस. दारात नव्या रोग्यांची रांग उभी असताना बऱ्या झालेल्या माणसाच्या मागे नऊ आठवडे फिरायचे, हे सेवाभावी मनाला आरंभी न पटणारे काम आहे. समोरचा कण्हणारा रोगी सोडून आकडे कसले मोजायचे, असेच कोणालाही वाटेल.

नोस्टेन यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते येथे. बँकॉकच्या माहिदोल विद्यापीठात ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि वेलकम ट्रस्ट यांच्या सहकार्याने १९७९ पासून उष्ण कटिबंधीय रोगांवर संशोधन करणारे पथक काम करीत होते. डेव्हिड वॉरेल यांनी ते उभे केले होते आणि निक व्हाइट हे तरुण इंग्रज डॉक्टर तेथे संशोधन करीत होते. या पथकाच्या आधाराने १९८६ मध्ये शोक्लो नावाच्या निर्वासित छावणीत एक लहानसे केंद्र सुरू झाले आणि त्याची धुरा नोस्टेन यांनी खांद्यावर घेतली. ‘शोक्लो मलेरिया रिसर्च युनिट’ हे त्याचे नाव. छावणी पुढे उठली, पण हे नाव आज जगातील हिवताप-संशोधनात आदराने घेतले जाते.

डॉक्टरकी सोडून नोस्टेन संशोधनाकडे गेले, असे मात्र कोणी समजू नये. रोग्यांवर उपचार चालूच होते. फरक एवढाच पडला की, प्रत्येक उपचार आता एक प्रश्नही झाला आणि प्रत्येक रोग्याची नोंद त्या प्रश्नाचे उत्तर बनली.

आठवड्याला एक थेंब

केंद्राने आरंभीच हाती घेतलेले एक काम गरोदर स्त्रियांचे होते. संशोधन म्हणजे काहीतरी गुंतागुंतीचे, महागड्या यंत्रांचे काम, अशी आपली समजूत असते. येथे उपाय अगदी साधा होता. छावणीतील प्रत्येक गरोदर स्त्रीने दर आठवड्याला यावे, बोटातून रक्ताचा एक थेंब द्यावा, आणि परजीवी दिसला तर तापाची वाट न पाहता त्याच दिवशी उपचार सुरू व्हावेत. लस नव्हती, खात्रीचे प्रतिबंधक औषध नव्हते. होती ती केवळ नियमितता. काही वर्षांतच हिवतापाने होणारे मातामृत्यू झपाट्याने घटले आणि पुढे ते जवळपास नाहीसे झाले.

या यशाचे श्रेय एकट्या डॉक्टरचे नाही. दर आठवड्याला पावसात चिखल तुडवीत येणाऱ्या त्या स्त्रियांचे, आणि सूक्ष्मदर्शकावर डोळा लावून बसणाऱ्या करेन तरुण-तरुणींचेही ते आहे. शाळेत फार शिकण्याची संधी न मिळालेल्या निर्वासितांमधून तंत्रज्ञ, परिचारिका आणि सुईणी तयार करणे, हे शोक्लोच्या कार्याचे एक मोठे अंग होते. बाहेरून आलेला डॉक्टर कितीही निष्ठावान असला तरी तो एकटा रात्रंदिवस काचपट्ट्या पाहू शकत नाही. समाजातूनच माणसे उभी राहिली तर काम टिकते, हे सेवाकार्य करणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही.

दोन औषधांची जोडी

या काटेकोर मोजणीतूनच वाईट बातमी पुढे आली. जवळपास प्रत्येकाला बरे करणारे मेफ्लोक्वीन पाच वर्षांत ढासळले. १९९० मध्ये बरे होणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांवर आणि लहान मुलांमध्ये ५० टक्क्यांवर आले. मात्रा वाढवून पाहिली. त्याने थोडा अवधी मिळाला, एवढेच. आता दुसरे औषध उरले नव्हते.

असे का होते? परजीवीची संख्या अफाट असते आणि त्याच्या वाढीत सतत बारीक चुका होतात. कोट्यवधींमध्ये एखादा असा निपजतो की, त्या औषधाचा त्याच्यावर परिणाम होत नाही. इतर सारे मरतात आणि तोच वाढतो. क्लोरोक्वीनच्या बाबतीत तर अशा परजीवीने औषध आपल्या पोटातून बाहेर फेकण्याची युक्तीच साधली. अर्धवट मात्रा, मध्येच सोडलेल्या गोळ्या, बाजारातील कमअस्सल औषधे या सर्वांनी त्याला मोकळे रान मिळते.

यावरचा तोड निक व्हाइट, नोस्टेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिरिरीने मांडला. क्षयरोगावर एकट्या औषधाने उपचार करायचे नाहीत, हे वैद्यकशास्त्र पूर्वीच शिकले होते. तेच तत्त्व हिवतापाला लावायचे. एका औषधाला दाद न देणारा परजीवी कोट्यवधींत एखादा. पण पूर्णतः वेगळ्या रीतीने काम करणाऱ्या दोन औषधांना एकाच वेळी दाद न देणारा परजीवी निपजण्याची शक्यता त्याहून कितीतरी पटींनी कमी.

दुसरे औषध चीनकडून आले. व्हिएतनाम युद्धाच्या काळात, २३ मे १९६७ रोजी, चीनमध्ये हिवतापावरील गुप्त संशोधन प्रकल्प सुरू झाला होता. त्यात तू योयो या विदुषीने जुन्या चिनी वैद्यकग्रंथांचा धांडोळा घेत दवण्याच्या जातीतील एका वनस्पतीपासून आर्टेमिसिनिन हे द्रव्य मिळवण्याची वाट दाखवली. त्याबद्दल २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंपरेतील ज्ञानाला आधुनिक कसोटीवर घासून पाहिले तर काय हाती लागते, याचे हे ठळक उदाहरण होय. आर्टेमिसिनिनपासून बनवलेले आर्टेसुनेट दर दोन दिवसांच्या चक्रात परजीवींची संख्या सुमारे दहा हजार पटींनी घटवते. इतके वेगवान दुसरे औषध नाही. पण ते शरीरातून काही तासांतच निघून जाते. म्हणून तीन दिवस आर्टेसुनेटने बहुतेक परजीवी मारायचे आणि उरलेले थोडे मेफ्लोक्वीनने संपवायचे, अशी योजना ठरली.

१९९४ पासून सीमेवरील छावण्यांमध्ये हा जोडउपचार सर्रास सुरू झाला. बरे होणाऱ्यांचे प्रमाण पुन्हा शंभर टक्क्यांच्या जवळ गेले. त्याहून आश्चर्याची गोष्ट म्हणजे त्या भागात फाल्सिपेरम हिवतापाचे प्रमाणच घटू लागले आणि मेफ्लोक्वीनची हरवलेली शक्ती काही अंशी परत आल्याचे प्रयोगशाळेत दिसले. याच काळात, १९९५ मध्ये, सीमेवरील छावण्यांवर हल्ले झाले. शोक्लो उठली, निर्वासित मे ला येथील मोठ्या छावणीत गेले आणि केंद्राने मे सोत गावी बस्तान हलवले. नोंदींची मालिका मात्र खंडित झाली नाही.

छावणीतला हा धडा जगाने लगेच स्वीकारला, असे नाही. दोन औषधांचा खर्च गरीब देशांना कसा परवडणार, शेवटचे अस्त्र आताच वापरून संपवायचे काय, असे आक्षेप होते. आफ्रिकेत क्लोरोक्वीन निरुपयोगी ठरत असताना तेच वाटले जात होते, कारण ते स्वस्त होते. १९९९ मध्ये व्हाइट, नोस्टेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातून, येऊ घातलेले अरिष्ट टाळायचे असेल तर जोडउपचार स्वीकारा, असे कळकळीचे आवाहन केले. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ बैठकीने तशी शिफारस केली. आज आर्टेमिसिनिनचा जोडउपचार हाच जगभर फाल्सिपेरम हिवतापाचा मुख्य इलाज आहे. भारतानेही २०१० पासून देशभर तोच स्वीकारला. निर्वासितांच्या बांबूच्या झोपडीत मोजलेल्या रक्ताच्या थेंबांचा यात मोठा वाटा आहे.

पुन्हा तोच शत्रू

कथा येथे संपली असती तर ऐकणाऱ्याला समाधान वाटले असते. पण रोगजंतू विश्रांती घेत नाही. २००९ मध्ये बँकॉकच्या त्याच पथकातील आर्येन डोंडोर्प यांनी पश्चिम कंबोडियातील पैलिन येथून वृत्त दिले की, आर्टेसुनेटने परजीवी नाहीसे व्हायला पूर्वीपेक्षा अधिक वेळ लागतो आहे. पैलिन हे रत्नांच्या खाणींचे गाव. क्लोरोक्वीनला दाद न देणारा हिवताप १९५० च्या दशकाच्या अखेरीस ज्या थाई-कंबोडियन सीमेवर उद्भवला, तोच हा परिसर.

शेकडो किलोमीटर पश्चिमेला, आपल्या सीमेवर काय घडते आहे? नोस्टेन यांच्याकडे उत्तर तयार होते, कारण २००१ पासूनच्या प्रत्येक रोग्याची नोंद त्यांच्या दप्तरी होती. ३,२०२ रोग्यांच्या या नोंदी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाल्या. रक्तातील परजीवींची संख्या निम्मी व्हायला २००१ मध्ये सरासरी २.६ तास लागत, २०१० मध्ये ३.७ तास लागू लागले होते. फार सावकाश नाहीशा होणाऱ्या लागणींचे प्रमाण ०.६ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेले होते. रोगी अजून बरे होत होते. पण पायाखालची वाळू सरकू लागली होती. आणि झालेही तसेच. २००३ मध्ये शंभर टक्के यश देणारा तोच आर्टेसुनेट-मेफ्लोक्वीनचा उपचार २०१३ मध्ये ८१ टक्क्यांवर आला.

ज्या उपचारासाठी आयुष्याची उमेदीची वर्षे दिली, तो उपचार स्वतःच्याच वहीत हरताना पाहणे, हे कोणत्याही संशोधकासाठी क्लेशकारक आहे. निष्कर्ष थोडे सौम्य करून सांगण्याचा मोह येथे होऊ शकतो. शोक्लोच्या पथकाने आकडे जसे होते तसे जगापुढे ठेवले. या कथेतील त्यांची खरी परीक्षा कदाचित हीच असेल.

आता नवे औषध हाती नसल्यामुळे नोस्टेन यांनी दुसरा मार्ग धरला. प्रतिकारक्षम परजीवी पसरण्यापूर्वी फाल्सिपेरमच त्या भागातून संपवायचा. २०१४ पासून म्यानमारच्या करेन प्रांतात गावोगावी हिवताप-केंद्रे उभी राहिली. गावातीलच एका व्यक्तीला प्रशिक्षण द्यायचे. ताप आलेल्याची तत्काळ तपासणी आणि उपचार तिनेच करायचे. अशी १,२२२ केंद्रे झाली. वर्षानुवर्षे एकमेकांविरुद्ध लढलेल्या गटांच्या ताब्यातील मुलूख ओलांडून हे जाळे विणावे लागले.

काही गावांत लागण फार होती. तेथे ताप नसलेल्या माणसांच्या रक्तातही, सूक्ष्मदर्शकाला न दिसणाऱ्या संख्येने, परजीवी लपलेले आढळले. अशा गावात सर्वांनाच, म्हणजे निरोगी दिसणाऱ्यांनाही, औषध द्यायचे ठरले. येथे मोठा नैतिक प्रश्न उभा राहतो. ज्याला काहीच होत नाही, त्याने गोळ्या का घ्याव्यात? त्यातही, निर्वासित आणि सीमावर्ती माणूस आधीच परावलंबी. त्याचा होकार हा खरा होकार आहे, की उपकारकर्त्यापुढे झुकलेली मान? या प्रश्नाचे एकच प्रामाणिक उत्तर असू शकते, ते म्हणजे समजावून सांगणे, पुन्हा सांगणे आणि नकार देण्याचा हक्क मान्य करणे. पथकाने गावसभा घेतल्या, प्रश्न ऐकले, मगच औषध दिले. एप्रिल २०१७ पर्यंत त्या १,२२२ पैकी ९६५ गावांत किमान सहा महिने फाल्सिपेरमचा एकही रुग्ण आढळला नव्हता.

आणि मग १ फेब्रुवारी २०२१ रोजी म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता हाती घेतली. पुन्हा लढाई, पुन्हा पळापळ, पुन्हा नदी ओलांडणारी माणसे. सीमावर्ती भागात हिवतापाने परत डोके वर काढले. गोळी आणि काचपट्टी यांनी जे कमावले ते बंदुकीने काही महिन्यांत गमावले जाऊ शकते, हे या सीमेने जगाला दुसऱ्यांदा दाखवून दिले.

आपल्या सीमेपर्यंत

या साऱ्याचा आपल्याशी संबंध काय? संबंध फार जवळचा आहे. आग्नेय आशियात निपजलेला क्लोरोक्वीन-प्रतिकार आपल्या देशात प्रथम १९७३ मध्ये आसामातील कारबी आंगलाँग भागात नोंदला गेला. आग्नेय आशियात उगम पावलेला प्रतिकारच पुढे आफ्रिकेत पोहोचला आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून तेथे पसरला. त्याने घेतलेले बालकांचे बळी अगणित आहेत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आर्टेमिसिनिनला दाद न देण्याशी निगडित जनुकीय बदल म्यानमारमधील होमालिन येथे आढळले. हे ठिकाण भारतीय सीमेपासून अवघ्या २५ किलोमीटरवर आहे. आपल्या ईशान्य राज्यांत आर्टेसुनेटचा जोडीदार असलेले जुने मिश्रण अपयशी ठरू लागल्यामुळे २०१३ मध्ये तेथे आर्टिमेथर-ल्युमेफँट्रिन हा दुसरा जोडउपचार आणावा लागला.

या लढाईत भारताने दिलेही पुष्कळ आहे. डासातून हिवताप पसरतो याचा निर्णायक पुरावा रोनाल्ड रॉस यांना १८९७ मध्ये सिकंदराबादला मिळाला. भारतासह चार देशांत झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ओडिशातील राउरकेला येथील इस्पात रुग्णालयही सहभागी होते. गंभीर हिवतापाच्या १,४६१ रोग्यांवरील त्या चाचणीत क्विनीन दिलेल्यांपैकी २२ टक्के, तर आर्टेसुनेटचे इंजेक्शन दिलेल्यांपैकी १५ टक्के दगावले. या निष्कर्षाने जगातील गंभीर हिवतापाचा उपचार बदलला. ओडिशातील रोगी आणि डॉक्टर यांचे हे योगदान आपल्याला फारसे ठाऊक नसावे, ही मात्र खंत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतातील हिवतापाचे रुग्ण २०१७ मधील ६४ लाखांवरून २०२३ मध्ये २० लाखांवर आले. २०२४ मध्ये हिवतापाचे सर्वाधिक ओझे असलेल्या देशांच्या गटातून भारत बाहेर पडला. २०३० पर्यंत हा रोग देशातून हद्दपार करण्याचे उद्दिष्ट आहे. पण जगात २०२३ या एका वर्षात ५ लाख ९७ हजार माणसे हिवतापाने मेली. त्यातील बहुसंख्य आफ्रिकेतील पाच वर्षांखालील बालके होती. आणि आर्टेमिसिनिनला दाद न देणारा परजीवी आता रवांडा, युगांडा, इरिट्रिया या देशांतही आढळला आहे.

शेवटचा टप्पा नेहमीच कठीण असतो. आपल्या महाराष्ट्रात हा टप्पा गडचिरोलीच्या दुर्गम पाड्यांत आहे. पावसाळ्यात नाले भरले की जेथे गाडी जात नाही, तेथे रक्ताची तपासणी करणारी आशाताई आणि आरोग्यसेवक हेच शोक्लोच्या त्या तंत्रज्ञांचे भाऊबंद होत. त्यांच्या हातातील चाचणीची पट्टी आणि त्यांच्या वहीतील नोंद यांवर किती काही अवलंबून आहे, याची जाणीव शहरातल्या माणसालाही असायला हवी.

आपल्या घरात करण्याजोगे कामही लहान नाही. ताप आला की अंदाजाने गोळी न घेता आधी रक्त तपासून घ्यावे. डॉक्टरने दिलेला उपचार ताप उतरला तरी शेवटच्या गोळीपर्यंत पूर्ण करावा. व्हायव्हॅक्स हिवतापात यकृतात दडलेल्या परजीवीसाठी डॉक्टरच्या देखरेखीखाली १४ दिवसांचे प्रायमाक्वीन लागते. ते चौथ्या दिवशी सोडणारे आपल्यात पुष्कळ असतात. उरलेल्या चार गोळ्या शेजाऱ्याला देण्यात उदारता वाटते, पण तेथूनच प्रतिकाराची सुरुवात होते.

नोस्टेन यांच्या कार्याकडे पाहताना एक गोष्ट विशेष जाणवते. करुणा घेऊन सीमेवर गेलेले डॉक्टर पुष्कळ होते. करुणेला वहीची जोड देणारे, आपले औषध खरोखर गुण देते आहे काय असा प्रश्न स्वतःलाच विचारणारे आणि उत्तर कटू आले तरी ते लपवून न ठेवणारे थोडे होते. सेवेचे कोणतेही काम असो, आपण शाळा चालवत असू, वसतिगृह चालवत असू की आरोग्य केंद्र, बरे झालेल्याच्या दारी चौथ्या आठवड्यात पुन्हा जाऊन यावे लागते. तेथे काय दिसते, त्यावरून आपले काम किती खरे आहे ते कळते.